पेवातली पद्मिनी: सांगलीच्या पुरात बुडालेल्या एका गाडीच्या गंजाचं प्रकरण

पंक्चर झालं म्हणून आप्पांनी गाडी कवलापूरच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला घेतली, जॅक लावला आणि फिरवायला लागले. जॅक चढत होता, गाडी मात्र जागची हलेना. वाकून बघितलं तर जॅकचं डोकं दाराखालच्या पेटीत चार बोटं आत शिरलेलं. बाहेरून काळा तुळतुळीत लेप, आणि आत पत्र्याच्या जागी चहाच्या चोथ्यासारखा भुगा. डिसेंबर २०२३ मधली ही गोष्ट. दुसऱ्या दिवशी गाडी ओढून माझ्या शेडवर आणली तेव्हा आप्पांचा पहिला प्रश्न होता, "मास्तर, चार वर्षांमागं खालनं सगळं कोटिंग करून घेतलंय वो. मग गंजली कशी?"

हे प्रकरण लिहून काढायचं ते या प्रश्नासाठी. कारण पुढच्या चार महिन्यांत उत्तर असं निघालं की गाडी गंजण्यात त्या कोटिंगचाच मोठा हात होता.

गाडी १९८२ ची प्रीमियर पद्मिनी, साय रंगाची. मूळ फियाट ११०० ची घडण, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. पद्मिनी हे नाव १९७४ पासूनचं. तिच्याबद्दल इथं लक्षात ठेवायची गोष्ट एकच. ट्रकला किंवा जुन्या जीपला खाली वेगळी चॅसी असते, बॉडी तिच्यावर बसवलेली असते. पद्मिनीला तशी चॅसी नाही. तळाचा पत्रा, दाराखालच्या दोन लांब पोकळ पेट्या, दारांचे खांब आणि टप हे सगळं एकमेकांना वेल्डिंगचे टाके मारून जोडलेलं आणि मिळून भार पेलणारं. त्यामुळं दाराखालची पेटी कुजली तर ते दिसण्याचं दुखणं राहत नाही, गाडीचा कणाच मऊ पडतो. शिवाय त्या काळातला हा पत्रा, त्याला जस्ताचा मुलामा नाही. रंग गेला की थेट लोखंड उघडं.

आता मागची हकीकत. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फुटांची. गावभागातल्या आप्पांच्या वाड्यात गाडी सीटपर्यंत पाण्यात उभी राहिली, तीही पाच दिवस. पाणी ओसरल्यावर त्यांनी जे केलं ते बहुतेक सगळे करतात तेच: इंजिन उतरवलं, ब्रेकचे ड्रम उघडले, वायरिंग बदललं, सीट नवीन शिवल्या, प्रेशर पंपानं गाडी आतबाहेर धुतली. दिवाळीनंतर एका गॅरेजमध्ये तळाला डांबरी अंडरकोटिंग मारून घेतलं. ते गॅरेज कुठलं हे सांगण्यात अर्थ नाही, कारण तेव्हा गावात पन्नास ठिकाणी हेच काम याच पद्धतीनं चाललं होतं. काम दोन दिवसांत झालं, गाडी खालून नवी दिसायला लागली. २०२० चं बहुतेक वर्ष ती वाड्यात प्लॅस्टिकच्या ताडपत्रीखाली उभीच होती. जुलै २०२१ चा पूर आला तेव्हा मात्र आप्पांनी वेळेत विश्रामबागेत भाच्याच्या दारात नेऊन लावली. म्हणजे पाणी लागलं ते एकदाच.

मी पत्र्याकडं आधी कानानं बघतो. आयटीआयला शीट मेटल शिकवताना पोरांना पहिल्या आठवड्यात हेच करायला लावायचो: लाकडी हातोडीनं ठोकत जा, धड पत्रा टणटणतो, कुजलेला थप्प करतो, लांबी (म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली जागा मुकी राहते. मग रुमालात गुंडाळलेलं चुंबक. लांबीच्या जाड थरावर ते धरत नाही. या गाडीत डावी पेटी पुढच्या चाकापासून मागच्या खांबापर्यंत मुकीच होती. उजवी निम्मी.

कटर लावून डाव्या पेटीचा बाहेरचा पत्रा उघडला तेव्हा शेडमधली चार माणसं काम टाकून बघायला आली. तळाशी चार बोटं गाळ होता. बारीक, काळा, बोटांत घेतला तर लोण्यासारखा. त्यात वाळलेलं पिंजर, भुईमुगाची फोलं, शर्टाचं एक निळं बटण. डिसेंबर महिना, पूर जाऊन चार वर्षं झालेली, आणि तो गाळ ओला! दोन्ही पेट्यांतून मिळून अडीच घमेली निघाला. आप्पा नुसतं बघत राहिले. मग म्हणाले, "आमच्या घरातला गाळ मी आठ दिवसांत काढला. हा हिनं पोटात धरून ठेवला की."

पेटीच्या तळाला कारखान्यातूनच भोकं असतात, करंगळी जेमतेम जाईल एवढी, आत आलेलं पाणी निघून जायला. खालून नीट बघितलं तर त्यांची जागासुद्धा सापडेना. अंदाजानं खिळा घातला तेव्हा डांबराची गोळी आत ढकलली गेली आणि मागून तांबडं पाणी टपटपलं. कोटिंग करणाऱ्यानं सगळी भोकं लिंपून टाकली होती. पेटीतला गाळ कुणी काढलाच नव्हता, कारण तो बाहेरून दिसत नाही. त्यावर समोरच्या काचेचं रबर कडक होऊन फाटलेलं, म्हणून दर पावसाळ्यात पाणी मॅटखाली उतरायचं, तिथून जोडातून झिरपत पेटीत. आत यायला वाट होती, बाहेर जायला नव्हती.

आप्पांना हे पटेना. त्यांचं म्हणणं, हवाबंद केल्यावर बिघडेल कशाला? आणि त्यांचा दाखला बिनतोड होता. त्यांच्या घरचा हळदीचा व्यापार. हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीत खणलेल्या कोठारात, हळद वर्षानुवर्षं राहते, किडत नाही, ती बंद असते म्हणूनच ना? मी म्हटलं, आप्पा, २००५ च्या पुरात पेवांचं काय झालं तेही सांगा. ते गप्प झाले. पेव टिकतं ते कोरडी हळद भरून तोंड बंद केलं म्हणून. पाणी शिरलेल्या पेवाचं तोंड लिंपलं तर आत फक्त कुजणंच बंदिस्त होतं. गाडीचं हेच झालं. त्यानंतर शेडवर त्या गाडीचं नावच 'पेव' पडलं.

तरी एक प्रश्न उरतोच, आणि तो शेडवरच्या पोरानं विचारला: गंजायला प्राणवायू लागतो, मग चार बोटं गाळाखाली, जिथं हवाच नाही, तिथला पत्रा सगळ्यात जास्त कसा खाल्ला? हा प्रश्न मला फार आवडतो, कारण याचं उत्तर कळलं की गाडीत गंज कुठं शोधायचा ते कळतं. ओल्या पत्र्याचा एक भाग मोकळ्या हवेत आणि शेजारचा भाग चिखलाखाली असला की दोघांचा मिळून एक छोटा विजेचा सेल तयार होतो. हवेतला भाग प्राणवायू वापरतो, आणि त्यासाठी लागणारे इलेक्ट्रॉन पुरवतो चिखलाखालचा. पुरवणारा झिजतो. म्हणजे प्राणवायू एकीकडं खर्च होतो आणि लोखंड दुसरीकडं विरघळतं. पाण्यात क्षार जितके जास्त तितका हा व्यवहार जोरात. कृष्णाकाठची आमची जमीन क्षारपड का झाली हे इथल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. तीच माती, वर गावातलं गटार आणि खतं मिसळून, त्या पेटीत होती. काळी माती फुगून पाणी धरून ठेवते, हेही तिच्यात भरलं.

म्हणून गंज शोधायचा तो उघड्या, वाऱ्यावरच्या पत्र्यावर नाही. दोन पत्रे एकावर एक टाके मारून बसवलेत तिथं, मडगार्डच्या आतल्या दुमडीत माती साठते तिथं, दाराच्या खालच्या घडीत, डिकीत स्टेपनीखाली, बॅटरीच्या तबकाखाली. या गाडीत यातल्या प्रत्येक ठिकाणी थोडंफार सापडलं. बॅटरीच्या तबकाचा दोष पुराला देता येणार नाही, ते ॲसिडनं खाल्लेलं होतं.

उपायाकडं येतो. मिरजेच्या चाचांना बोलावलं. चाळीस वर्षं डेंटिंग केलेला माणूस, हात सोन्याचा. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि सांगून टाकलं, "मास्तर, जीआय पत्रा टाकू. परत गंजायचं नावच नको." यावर आमचा अर्धा तास वाद झाला. जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा. त्याचं जस्त वेल्डिंगच्या उष्णतेनं नेमकं जोडापाशीच जळून जातं, म्हणजे जिथं संरक्षण पाहिजे तिथंच राहत नाही, आणि तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. शेवटी २० गेजचा सीआरसी, म्हणजे थंड लाटलेला बिनमुलाम्याचा पत्रा ठरला, जिथं भार येतो त्या जॅकच्या जागी त्याहून जाड १८ गेज. कुपवाड एमआयडीसीत मूळ पेटीच्या मापानं वाकवून आणला. जोडात दडणाऱ्या पृष्ठभागांना वेल्डिंग सोसणारा जस्ताचा प्रायमर मारला.

कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा अँगल टाकून चौकट जखडली. हे न करता पेटी कापणारे बघितलेत मी. गाडी मधोमध बसते आणि मग दार आयुष्यभर लागत नाही. एका वेळी एकच बाजू, सीओटू वेल्डिंगनं थोडे थोडे टाके मारत. ठिगळावर ठिगळ चालणार नाही हे मी आधीच बजावलं होतं. गंजलेल्या पत्र्यावरून नवा पत्रा मढवला की दोन पत्र्यांमध्ये पुन्हा तीच ओली फट तयार होते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापत असल्यानं वरचा पत्रा आतून फुगवून उचलतो. धड, चमकणारं लोखंड लागेपर्यंत कापत गेलो. ज्या डाव्या पेटीत हातभर भाग बदलू असं वाटलं होतं, ती शेवटी पूर्ण बदलली.

सुट्या लोखंडी भागांचं काम मजेदार झालं. बॉनेटच्या बिजागऱ्या, हेडलाइटच्या आतल्या वाट्या, कंस, क्लॅम्प. हे घासत बसलं तर कोपऱ्यातला गंज राहतोच. मळीच्या पाण्यात बुडवून ठेवायची एक जुनी युक्ती आहे. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात मळीला काय तोटा असं वाटेल, पण मळी उत्पादन शुल्क खात्याच्या नजरेखालची वस्तू, बादली घेऊन गेटवर उभं राहिलं तर कुणी देत नाही. गुऱ्हाळावरून काकवी आणली. एक भाग काकवी, नऊ भाग पाणी, दोन आठवडे. काकवीतली द्रव्यं गंजाला धरून सोडवतात आणि धड लोखंडाला फारसा धक्का लावत नाहीत. वास असा सुटला की शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्यानं दोनदा येऊन चौकशी केली. माशा वेगळ्याच. पण वस्तू काढून धुतल्या तेव्हा करडं, स्वच्छ लोखंड हातात. धुतल्यावर मात्र लगेच वाळवून प्रायमर लागला पाहिजे. ओलं स्वच्छ लोखंड तासाभरात तांबूस होतं. एक नुकसान झालं. पोरानं कामाच्या भरात काचेचं हँडलही त्यात टाकलं. ते जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव, वर क्रोम. दोन आठवड्यांनी निघालं तेव्हा क्रोमखाली वाळवी लागल्यासारखं पोखरलेलं. दुसरं हँडल मिळवायला मला कोल्हापूरच्या भंगार बाजारात दोन फेऱ्या घालाव्या लागल्या, आणि दोष पोराचा नाही, मी सांगायला हवं होतं.

जिथं पत्रा धड होता पण खड्ड्यांच्या तळाला गंज रुतला होता, म्हणजे तळाचा मधला भाग आणि मडगार्डची आतली बाजू, तिथं गंज बदलणारं द्रावण लावलं. बाजारात याचे दोन प्रकार. एक फॉस्फरिक ॲसिडचा, दुसरा टॅनिनचा. टॅनिनवाला लावला की तांबडा गंज डोळ्यांदेखत निळसर काळा होतो. चाचांना ती जादू वाटली. पण हिरड्याच्या पाण्यात लोखंड टाकून काळी शाई करायचे ती हीच क्रिया. हिरड्यात टॅनिन भरपूर, आणि महाबळेश्वर-पाटणच्या रानात हिरडा गोळा करणाऱ्यांची बोटं विळ्याच्या पात्यानं काळी होतात तीही त्यामुळंच. काळा झालेला थर स्थिर असतो, पण तो सैल पापुद्र्यांवर लावून उपयोग नाही. तारेच्या ब्रशनं पापुद्रे झाडूनच. ॲसिडवाला वापरला असेल तर वर इपॉक्सी प्रायमर मारण्याआधी उरलेलं ॲसिड निपटून काढायचं, नाहीतर इपॉक्सी धरत नाही आणि सहा महिन्यांनी चादरीसारखा सुटतो.

प्रायमर दोन भागांचा इपॉक्सी. यावर माझा आग्रह असतो, कारण आपल्याकडं उघड्या पत्र्यावर रेड ऑक्साईड किंवा साधा सरफेसर मारून गाडी महिनाभर अंगणात ठेवतात. तो लाल थर बघून माणूस निर्धास्त होतो. साधा प्रायमर पाणी पितो. वरचा रंग लागेपर्यंत त्याच्याखाली गंज सुरूसुद्धा झालेला असतो. लांबीचंही तसंच, ती इपॉक्सीच्या वर, उघड्या लोखंडावर नको. मग सगळ्या जोडांना सीलर, आणि चाकांच्या मागं दगड उडतात तिथं रबरी जातीचा लेप, डांबरी नाही. डांबरी लेप काही वर्षांत कडक होऊन तडकतो, आणि तडकला की कडेनं उचलून आपल्या खाली पाणी धरतो. आधीचं डांबर खरवडायला केरोसीन आणि पत्री घेऊन दोन माणसांना चार दिवस लागले. या सगळ्या कामात सगळ्यात कंटाळवाणा भाग तोच.

हे सारं मार्च-एप्रिलमध्ये बसवलं. साधारण ६० टक्क्यांच्या खाली आर्द्रता असली की स्वच्छ लोखंडावर गंज फार सावकाश चढतो, आणि सांगलीची एप्रिलमधली दुपार त्याच्या कितीतरी खाली असते. रंगाच्या वेळी पत्रा दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं त्यापेक्षा, निदान ३ अंश गरम असावा असा नियम आहे. पहाटे मारायचा मोह म्हणून टाळला, डोळ्यांना न दिसणारं दव पत्र्यावर असतं.

पेटीच्या आतली बाजू राहिलीच. वेल्डिंग केलं की मागच्या बाजूचा प्रायमर जळतो, आणि तिथं ब्रश काय, बोटही जात नाही. म्हणून पोकळ्यांसाठीचं पातळ मेण. ते लांब नळीनं आत फवारतात, नळीच्या टोकाला सगळ्या बाजूंना उडवणारं नोझल. पेटीच्या आतल्या अंगाला १० मिलिमीटरची चार भोकं पाडली, काम झाल्यावर रबरी बुचं बसवली. भर उन्हात गाडी दोन तास उभी करून मग फवारलं, म्हणजे मेण गरम पत्र्यावर पसरत जोडांच्या फटीत ओढलं जातं. दोन दिवस खाली थेंब पडत होते. चाचांचं म्हणणं होतं काळं ऑइल आणि डिझेल मारलं तर शंभर रुपयांत काम होतं. होतं खरं, आणि काहीच न करण्यापेक्षा बरंही. पण वापरलेल्या ऑइलमध्ये जळणातून आलेली आम्लं असतात, ते रबर फुगवतं, आणि रस्त्यावरची सगळी धूळ धरून ठेवतं. आठ महिन्यांनी पुन्हा चिखलच. हे मेणाचं काम सगळं वेल्डिंग आटोपल्यावरच करायचं, आधी केलं तर ठिणगी पडून पेट घेतं.

मे महिन्यात गाडी आप्पांच्या ताब्यात दिली. सगळा खर्च साठ हजारांच्या आत बसला. २०१९ मध्ये कोटिंगला साडेचार हजार दिले होते, ते आप्पांनी इथंही आठवून काढले.

आणि मग माझी चूक. पहिल्या वळवानंतर आप्पांचा फोन: "मास्तर, डाव्या दारात तांब्या हिंदकळतोय." गाडी वळली की दारात पाणी डुचमळायचं. मेण फवारून झाल्यावर पाणी जायची भोकं तारेनं मोकळी केली होती, पेट्यांची. दारांची विसरलो. ज्या चुकीवर चार महिने मी व्याख्यानं झोडली तीच मी केली होती, डांबराऐवजी मेणानं एवढाच फरक. वाड्यात जाऊन सायकलच्या तारेनं भोक मोकळं केलं, तांब्याभर पाणी निघालं. आप्पा काही बोलले नाहीत, चहा मात्र जरा हसतच दिला.

गाडी ठेवायची पद्धत बदलली. ताडपत्री गेली, प्लॅस्टिकखाली जमिनीची वाफ अडकते आणि सकाळी गाडी आतून घामेजलेली असते. आता सुती कव्हर, तेही पूर्ण कोरड्या गाडीवर. वाड्याच्या त्या सोप्यात मातीवर जाड प्लॅस्टिक अंथरून वर फरशी बसवली. काचेचं रबर नवं. आठवड्यातून एकदा निदान मिरजेपर्यंत फेरी, सायलेन्सर पुरता तापेल इतकी. दारात पाच मिनिटं चालू करून बंद केली तर सायलेन्सरमध्ये पाणी साठतं आणि तो आतून जातो. आयर्विनपाशी ३५ फूट झाले की गाडी विश्रामबागेत, ४० च्या इशारा पातळीची वाट बघायची नाही. आणि वर्षातून दोनदा, मृगाआधी आणि दिवाळीनंतर, आप्पांचा नातू तारेच्या झाडूची काडी घेऊन सगळी भोकं टोचतो. एकूण चौदा आहेत. त्यानं भिंतीवर खडूनं आकडा लिहून ठेवलाय.

पहिला पावसाळा गेल्यावर मोबाइलला जोडायचा बारीक नळीचा कॅमेरा बुचाच्या भोकातून आत घातला. डावी पेटी कोरडी, मेणाचा थर मधासारखा पिवळट, जोडाच्या रेघेपर्यंत अखंड. उजव्या पेटीत मागच्या टोकाला, जिथं आम्ही जुना पत्रा धड आहे म्हणून ठेवला होता, तिथं रुपयाएवढा तांबूस डाग दिसला. आप्पांनी चष्मा लावून स्क्रीनवर बराच वेळ बघितलं. "वाढलाय का आहे तेवढाच?" त्यांनी विचारलं. ते एका फोटोवरून सांगता येत नाही. शेजारी मापाला कागदाचा तुकडा धरून फोटो काढला, वर तारीख घातली, आणि तेवढ्या जागी पुन्हा मेण मारलं. पुढचा फोटो मृगाआधी.